व्हाइटहेड पाणतीर: रचनेतले दोष आणि युद्धातली कामगिरी – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हाइटहेड पाणतीर म्हणजे नेमकं काय?

पाण्याखालून स्वतःच्या इंजिनावर धावणारा आणि शत्रूच्या जहाजाला धडकून फुटणारा पहिला यशस्वी टॉर्पेडो. रॉबर्ट व्हाइटहेड या इंग्रज अभियंत्याने तो 1866 मध्ये फ्यूमे बंदरात तयार केला. फ्यूमे तेव्हा ऑस्ट्रियन साम्राज्यात होतं; आज ते क्रोएशियातलं रियेका शहर आहे. पहिल्या नमुन्याचा व्यास 14 इंच, लांबी साधारण सव्वातीन मीटर आणि वजन 136 किलोच्या आसपास होतं. पोटात दाबून भरलेली हवा, तिच्यावर चालणारं छोटं इंजिन, मागे पंखा आणि पुढे सुमारे आठ किलो गनकॉटन (कापसापासून बनवलेलं स्फोटक). वेग सहा-सात नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किलोमीटर) आणि पल्ला जेमतेम दोनशे मीटर.

त्याआधी ‘टॉर्पेडो’ हा शब्द बहुतेक वेळा पाणसुरुंगासाठी वापरला जायचा. होडीच्या पुढे लांब दांड्याच्या टोकाला स्फोटक बांधायचं आणि होडीसकट शत्रूवर जाऊन आदळायचं, हाही एक प्रकार होता. त्यात मारणारा आणि मरणारा यांच्यात काही मीटरचंच अंतर राहायचं. हे अंतर वाढवणं हाच व्हाइटहेडच्या कामाचा हेतू होता.

शोध कोणाचा? लुपिसचा की व्हाइटहेडचा?

कल्पनेची सुरुवात जोव्हानी लुपिसची, यंत्र व्हाइटहेडचं. लुपिस ऑस्ट्रियन नौदलातला निवृत्त अधिकारी. किनाऱ्यावरून दोरांनी वळवायची, घड्याळासारख्या चावीवर चालणारी आणि स्फोटकांनी भरलेली छोटी होडी त्याने बनवली होती. किनाऱ्याच्या रक्षणासाठी असल्यामुळे तिला त्याने ‘साल्व्हाकोस्ते’ म्हटलं. नौदलाला ती पटली नाही. 1864 मध्ये फ्यूमेचे जोव्हानी दे चोत्ता यांनी त्याची व्हाइटहेडशी गाठ घालून दिली. व्हाइटहेड तेव्हा तिथल्या स्ताबिलिमेंतो तेक्निको फ्यूमानो या कारखान्याचा व्यवस्थापक होता आणि ऑस्ट्रियन युद्धनौकांची इंजिनं बनवत होता.

व्हाइटहेडने होडी चालवून पाहिली आणि तो आराखडाच बाजूला ठेवला. दोर नकोत, पृष्ठभागावर धावणं नको, चावीची स्प्रिंगही नको. मुलगा जॉन आणि एक विश्वासू कारागीर एवढ्यांना हाताशी धरून त्याने वेगळंच यंत्र उभं केलं. म्हणून श्रेयाची वाटणी करताना लुपिसला विसरू नये, पण पाण्याखाली जे धावलं त्यात लुपिसच्या होडीचं जवळजवळ काहीच उरलं नव्हतं.

पहिल्या पाणतीरातला सगळ्यात मोठा दोष कोणता?

खोली. लोक वेग आणि पल्ल्याचे आकडे पाहून नाक मुरडतात, पण खरी अडचण तिथे नव्हती. सहा नॉटचा पाणतीरही नांगरलेल्या जहाजापर्यंत पोचतो. मात्र वाटेत तो कधी जहाजाच्या तळाखालून निघून जायचा, तर कधी पाण्याबाहेर उसळायचा.

कारण असं. व्हाइटहेडने सुरुवातीला फक्त पाण्याच्या दाबावर भरवसा ठेवला होता. एका चकतीची एक बाजू समुद्राच्या पाण्याला लागलेली, दुसऱ्या बाजूला स्प्रिंग. समजा तीन मीटर खोली हवी, तर त्या खोलीवरच्या दाबाइतकी स्प्रिंग ताणायची. पाणतीर जास्त खोल गेला की पाणी चकती आत ढकलतं आणि आडवं सुकाणू त्याला वर वळवतं. वर आला की स्प्रिंग जिंकते आणि सुकाणू खाली वळतं. कागदावर हे अगदी बरोबर दिसतं.

पण पाणतीर खालून वर येत तीन मीटरवर पोचतो तेव्हा सुकाणू सरळ होतं. त्याचं नाक मात्र अजून वरच असतं. तो तसाच पुढे वर जातो. मग चकती त्याला खाली वळवते, आणि तो तितक्याच जोरात तीन मीटरची रेषा ओलांडून खाली जातो. चकतीला तो किती खोल आहे हे कळतं; तो कुठे तोंड करून चालला आहे हे कळत नाही.

मग ‘गुपित’ म्हणतात ते काय होतं?

1868 मध्ये व्हाइटहेडने चकतीच्या जोडीला एक जड लंबक बसवला. पाणतीराचं नाक खाली झुकलं की लंबक पुढे झुलतो, वर उचललं की मागे. चकती आणि लंबक दोघेही दांड्यांनी एकाच सुकाणूला जोडलेले.

आता तेच उदाहरण पुन्हा पाहा. पाणतीर पाच मीटरवर आहे आणि नाक वर करून चढतो आहे. चकती म्हणते आणखी वर घे. लंबक म्हणतो नाक आधीच फार वर आहे, खाली घे. दोघांचा जोर एकमेकांना कापतो, सुकाणू आधीच सैल पडतं आणि पाणतीर हळूहळू सरळ होत तीन मीटरवर येऊन बसतो. चूक किती आहे आणि ती कोणत्या दिशेने बदलते आहे, या दोन्ही गोष्टी एकत्र मोजून सुधारणा करायची, हे आजच्या स्वयंचलित नियंत्रणाचं मूलतत्त्व आहे. विजेचा एकही धागा न वापरता, पितळ आणि पोलादात त्याने ते बसवलं. या पाणतीराविषयी एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवावी. स्फोटकं दुसऱ्यांकडेही होती, दाबलेल्या हवेची इंजिनंही होती. चकती आणि लंबकाची ही जोडी मात्र त्याचीच.

तिला ‘गुपित’ हेच नाव पडलं. हक्क विकत घेणाऱ्या नौदलांना ते गोपनीयतेच्या अटीवर सांगितलं जाई.

म्हणजे खोलीचा प्रश्न 1868 मध्ये सुटला?

धावत्या पाणतीरापुरता बराचसा सुटला. सुटण्याच्या क्षणी मात्र लंबकच घात करायचा. एसटी अचानक सुटली की उभा प्रवासी मागे कलंडतो, तसा नळीतून झेपावणाऱ्या पाणतीरातला लंबक मागे जायचा. यंत्राला वाटायचं नाक वर उचललं गेलंय, म्हणून सुकाणू खाली वळायचं. परिणामी सुरुवातीलाच पाणतीर खोल बुडी मारायचा आणि ठरलेल्या खोलीवर यायला त्याला बरंच अंतर लागायचं. पुढे सुरुवातीच्या टप्प्यात सुकाणू अडकवून ठेवणारी यंत्रणा आली, पण बुडी पूर्ण थांबली नाही.

याचा अर्थ शत्रूच्या फार जवळ जाणंही धोक्याचं. चीन-जपान युद्धात, 17 सप्टेंबर 1894 रोजी, यालू नदीच्या मुखाजवळच्या लढाईत चिनी टॉर्पेडो बोट ‘फूलुंग’ने जपानी ‘साइक्यो मारू’वर अगदी जवळून पाणतीर सोडला. त्या जहाजावर जपानी नौदलप्रमुख काबायामा होते. पाणतीर जहाजाच्या तळाखालून निघून गेला. तो जर्मनीत, श्वार्ट्झकोफच्या कारखान्यात बनलेल्या जातीचा होता, तत्त्व व्हाइटहेडचंच.

दिशा का चुकायची?

कारण दिशा धरून ठेवणारं आत काहीच नव्हतं. खोलीसाठी चकती आणि लंबक होते. डाव्या-उजव्या बाजूला सांभाळणारं कोणी नव्हतं. कवच किंचित वाकडं असलं, सोडताना बोट हलली, बाजूने लाट लागली, तर पाणतीर वळायचा आणि तसाच वळलेला राहायचा. एका अंशाची चूक 800 मीटरवर 14 मीटर होते. पाच अंश म्हणजे 70 मीटर, म्हणजे अख्खं जहाज हुकलं.

सुरुवातीच्या एकाच पंख्यामुळे आणखी एक त्रास होता. पंखा एका बाजूला फिरला की पाणतीराचं अंग उलट बाजूला गोल फिरू पाही. ते रोखायला माशाच्या कल्ल्यांसारखे लांबच लांब पर लावावे लागत आणि परांमुळे वेग कमी होई. 1870 च्या दशकात इंग्लंडमधल्या वुलिच इथे एकामागे एक, उलट दिशांनी फिरणारे दोन पंखे बसवले गेले आणि अंग फिरणं थांबलं.

दिशेचा खरा उपाय 1890 च्या दशकाच्या मध्यात आला. ऑस्ट्रियाच्या लुडविग ओब्री याने केलेला जायरोस्कोप व्हाइटहेडने 1896 च्या सुमारास पाणतीरात बसवला. वेगाने फिरणारं चाक आपला अक्ष सोडत नाही, म्हणून पाणतीर वळला की चाकाच्या तुलनेत तो किती वळला हे यंत्राला कळतं आणि उभं सुकाणू त्याला परत रेषेवर आणतं. म्हणजे पहिल्या पाणतीरानंतर जवळजवळ 30 वर्षं जगभरची नौदलं दिशा न धरणारं शस्त्र विकत घेत होती.

वेग आणि पल्ला इतका कमी का होता?

टाकीतली हवा हीच सगळी पुंजी. टाकी रिकामी होत जाते तसा दाब उतरतो, म्हणून शेवटच्या टप्प्यात पाणतीर मंदावायचा. शिवाय दाबलेली हवा प्रसरण पावताना प्रचंड थंड होते. इंजिन गारठतं आणि हवेतली शक्ती वाया जाते.

पीटर ब्रदरहूडच्या तीन सिलिंडरच्या इंजिनाने 1870 च्या दशकातच वेग 18 नॉटपर्यंत नेला, पण पल्ला साडेपाचशे मीटरच्या आसपास राहिला. मोठी उडी 1905 च्या सुमारास बसली. हवा इंजिनात जाण्याआधी इंधन जाळून ती तापवायची, आणि पुढे त्यात पाण्याची वाफही मिसळायची, अशी सोय झाली आणि पल्ला शेकड्यांतून हजारो मीटरवर गेला.

बुडबुड्यांचा प्रश्न मात्र तसाच राहिला. वापरलेली हवा मागून बाहेर पडते आणि पाण्यावर पांढरी रेघ उमटते. दिवसा शांत समुद्रात ती रेघ पाहून जहाज वळवता येत असे.

स्फोटकाच्या भागात काही दोष होते का?

होते. पहिल्या पाणतीरातलं गनकॉटन मोठ्या जहाजासाठी थोडं होतं. नाकातला चाप सरळ धडकेवर विश्वासाने चालायचा. तिरप्या धडकेत तो घसरून न फुटण्याची भीती असे. आणि नाक टोकदार ठेवल्यामुळे स्फोटकाला जागा कमी मिळायची. 1880 च्या दशकात इंग्लंडमधल्या चाचण्यांत बोथट, गोल नाकाने वेग घटत नाही असं दिसलं. मग नाक बोथट झालं आणि स्फोटक वाढलं.

इतके दोष असताना ब्रिटिशांनी तो विकत का घेतला?

1870 च्या शरद ऋतूत ‘ओबेरॉन’ या जहाजावरून इंग्लंडमधल्या मेडवे नदीच्या मुखाशी सुमारे शंभर वेळा पाणतीर सोडून पाहिले गेले. ‘एगल’ हे जुनं लाकडी जहाज सव्वाशे मीटरवरून बुडवून दाखवलं. पुढच्या वर्षी ब्रिटिश सरकारने 15,000 पौंडांना उत्पादनाचा हक्क घेतला. त्यानंतर फ्रान्स, जर्मनी, इटली, रशिया अशी रांग लागली.

खरेदीमागे भीतीचाही मोठा वाटा होता असं मला वाटतं. एका चिलखती युद्धनौकेच्या किमतीत कितीतरी छोट्या टॉर्पेडो बोटी येतात, आणि सगळ्यात जास्त युद्धनौका ब्रिटनकडे होत्या. जे शस्त्र आपल्याविरुद्ध सगळ्यात उपयोगी, ते आपल्या हातात असणं त्यांना भाग होतं.

गंमत म्हणजे, सगळ्यांना विकूनही कारखाना 1873 मध्ये बुडाला. व्हाइटहेडने 1875 मध्ये तो स्वतःच्या नावाने पुन्हा उभा केला.

युद्धात तो पहिल्यांदा कधी सोडला गेला?

29 मे 1877 रोजी, पेरूच्या किनाऱ्यावर. पेरूची चिलखती नौका ‘ह्वास्कर’ बंडखोरांनी ताब्यात घेतली होती. ब्रिटिशांची ‘शाह’ आणि ‘ॲमेथिस्ट’ तिच्यामागे लागल्या. तोफांनी काम होईना, तेव्हा ‘शाह’ने साधारण 350-400 मीटरवरून पाणतीर सोडला. पाणतीराचा वेग 9 नॉट, ‘ह्वास्कर’चा 11. जहाज वळलं आणि पाणतीराला मागे टाकून निघून गेलं.

पाणतीराने बुडालेलं पहिलं जहाज कोणतं?

तुर्की पहारा जहाज ‘इंतिबाह’, रशिया-तुर्की युद्धात, काळ्या समुद्रावरच्या बातुम बंदरात, जानेवारी 1878 मध्ये. रशियाचा तरुण अधिकारी स्तेपान मकारोव्ह याने एका व्यापारी जहाजावर छोट्या वाफेच्या होड्या लादून नेण्याची युक्ती काढली होती. डिसेंबरमधला त्याचा बातुमवरचा हल्ला फसला. जानेवारीत ‘चेस्मा’ आणि ‘सिनोप’ या होड्यांनी रात्री 70-80 मीटर इतक्या जवळ जाऊन एकेक पाणतीर सोडला. इतक्या जवळून दिशा चुकायला वावच नव्हता. तुर्कांकडून हे नुकसान नाकारलं गेलं, पण नौदल इतिहासात मान याच हल्ल्याला दिला जातो.

मोठी युद्धनौका कधी बुडाली?

चिलीच्या यादवी युद्धात, 23 एप्रिल 1891 रोजी. ‘ब्लांको एन्कालादा’ ही चिलीच्या काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या बाजूची चिलखती नौका काल्देरा उपसागरात नांगरून होती. पहाटेच्या अंधारात अध्यक्षांच्या बाजूच्या ‘कोंदेल’ आणि ‘लिंच’ या दोन टॉर्पेडो नौका आत शिरल्या. ‘कोंदेल’ पुढे झाली आणि तिने तीन पाणतीर सोडले. तिन्ही हुकले. पण ‘ब्लांको’वरच्या सगळ्यांचं लक्ष आणि सगळ्या तोफा तिच्याकडे वळल्या. तेवढ्यात ‘लिंच’ दुसरीकडून जवळ आली. तिचा पहिला पाणतीर हुकला, दुसरा लागला. जहाज काही मिनिटांत बुडालं आणि 182 माणसं गेली. जहाजाभोवती टॉर्पेडो रोखणारी जाळी सोडलेली नव्हती.

जवळून, नांगरलेल्या जहाजावर पाच सोडले तेव्हा एक लागला. जायरोस्कोप येण्यापूर्वीच्या पाणतीराचं खरं मोजमाप मला या आकड्यात दिसतं. आणि एकच लागला तरी चिलखती जहाज जातं, हेही त्याच आकड्यात आहे.

जायरोस्कोप आल्यावर चित्र बदललं का?

वाटतं तितकं लगेच नाही. रशिया-जपान युद्धात, 8-9 फेब्रुवारी 1904 च्या रात्री, जपानी विनाशिकांनी पोर्ट आर्थरबाहेर नांगरलेल्या रशियन ताफ्यावर अचानक हल्ला केला. 16 पाणतीर सोडले, तीन लागले. ‘त्सेसारेविच’, ‘रेत्विझान’ आणि ‘पाल्लादा’ जायबंदी झाल्या, पण तिन्ही पुढे दुरुस्त झाल्या. 1905 मध्ये त्सुशिमाच्या लढाईत रशियन ‘सुवोरोव्ह’ला पाणतीरांनी संपवलं खरं, पण ती आधीच तोफांनी जर्जर झालेली होती.

यशस्वी हल्ल्यांत जहाजं बहुतेक वेळा नांगरलेलीच का असतात?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. ‘इंतिबाह’, ‘ब्लांको एन्कालादा’, 1894 मध्ये ब्राझीलची ‘आकिदाबान’, 1895 मध्ये वेइहाइवेई बंदरात चीनची ‘दिंगयुआन’, मग पोर्ट आर्थर: सगळी नांगरावर. हिशेब करून पाहा. 18 नॉटच्या पाणतीराला 550 मीटर कापायला साधारण एक मिनिट लागतं. तेवढ्यात 10 नॉटने चाललेलं जहाज 300 मीटर पुढे जातं. म्हणजे नेम धरायचा तो जहाजावर नाही, 300 मीटर पुढच्या रिकाम्या पाण्यावर; आणि त्यासाठी शत्रूचा वेग, दिशा आणि अंतर अंधारात अंदाजाने ठरवायचं. जहाज उभं असलं की हे तिन्ही अंदाज गळून पडतात.

म्हणून सुरुवातीच्या विजयांचं बरंचसं श्रेय धाडसाने बंदरात शिरणाऱ्या माणसांना द्यायला हवं. पाणतीराचे दोष त्यांनी आपला जीव धोक्यात घालून, जवळ जाऊन भरून काढले. चालत्या जहाजांवरचा खरा धाक पाणबुडीने आणला. 22 सप्टेंबर 1914 रोजी जर्मन ‘यू-9’ने सकाळच्या दीडेक तासात संथ, सरळ जाणारी एक ब्रिटिश क्रूझर आणि तिची माणसं वाचवायला थांबलेल्या आणखी दोन बुडवल्या, सुमारे 1,450 माणसं गेली.

त्या काळी दुसरा चांगला पर्याय नव्हता का?

अमेरिकेचा हॉवेल टॉर्पेडो होता. त्यात हवेऐवजी साठेक किलोचं जड चाक मिनिटाला 10,000 फेऱ्यांनी फिरवून सोडायचे. त्यावरच पंखे चालत. फिरत्या चाकामुळे तो दिशा आपोआप धरायचा आणि बुडबुड्यांची रेघही उमटत नसे. व्हाइटहेडचे दोन मोठे दोष त्यात नव्हतेच. पण सोडण्याआधी चाक वेगात आणायला बोटीवर वाफेचं यंत्र लागे आणि चाकाची शक्ती वाढवत नेणं अवघड होतं. हवेची टाकी मोठी करता येते, दाब वाढवता येतो, हवा तापवता येते. अमेरिकेनेही 1890 च्या दशकात व्हाइटहेडचाच परवाना घेतला.

मुंबईशी या शस्त्राचा संबंध आला का?

आला, बंदराच्या संरक्षणापुरता. रशियाच्या भीतीने ब्रिटिशांनी मुंबई बंदरात आधी ‘मॅग्डाला’ आणि ‘ॲबिसिनिया’ या चिलखती नौका ठेवल्या होत्या. 1880 च्या दशकाच्या अखेरीस भारतीय मरीनसाठी (ब्रिटिश हिंदुस्थान सरकारचं सागरी दल) टॉर्पेडो बोटी बांधल्या गेल्या. त्यांना ‘बलुच’, ‘सिख’, ‘राजपूत’ अशी नावं होती आणि एकीचं नाव ‘महरट्टा’.

जुना झाल्यावरही तो कधी उपयोगी पडला का?

हो. 9 एप्रिल 1940 ची पहाट. जर्मन जड क्रूझर ‘ब्ल्यूखर’ नॉर्वेची राजधानी ऑस्लोकडे जाणाऱ्या अरुंद खाडीत शिरली. ओस्कार्सबोर्ग किल्ल्याचे प्रमुख बिर्गर एरिक्सन यांनी आधी जुन्या तोफा डागल्या. मग बेटाच्या खडकात कोरलेल्या गुप्त तळावरून फ्यूमेत बनलेले, 40 वर्षं जुने व्हाइटहेड पाणतीर सुटले. दोन लागले आणि ‘ब्ल्यूखर’ बुडाली. ऑस्लो काही तास वाचलं आणि राजा हाकोन व सरकारला निसटायला वेळ मिळाला.

जुन्या यंत्राने हे कसं केलं? अंतर सुमारे 500 मीटर आणि आधीच मोजलेलं. खाडी अरुंद, म्हणून जहाजाला वळायला जागा नाही. आणि सोडण्याची जागा खडकात पक्की, म्हणजे हलणाऱ्या बोटीची चूक नाही. व्हाइटहेड पाणतीर ज्या परिस्थितीत उत्तम चालतो, नेमकी तीच नॉर्वेच्या अभियंत्यांनी कायमची बांधून ठेवली होती. आणि 40 वर्षं त्या पाणतीरांची निगा राखणारे हात होते. ते नसते तर बाकी सगळं असून काही झालं नसतं.

प्रत्यक्ष कुठे पाहायला मिळेल?

इंग्लंडमध्ये गॉस्पोर्टच्या नौदल शस्त्रास्त्र संग्रहालयात आणि रियेकाच्या शहर संग्रहालयात. रियेकाच्या समुद्रकाठी चाचणीसाठी पाणतीर सोडण्याच्या इमारतीचे अवशेषही उभे आहेत. ते 1930 च्या दशकातले आहेत, व्हाइटहेडच्या काळातले नाहीत. नमुना कोणत्या काळचा हे ओळखायचं तर आधी शेपटीकडे जा. एकच पंखा आणि अंगभर लांब पर असतील तर तो अगदी सुरुवातीचा. दोन पंखे आणि टोकदार नाक असेल तर साधारण 1880 च्या आधीचा किंवा आसपासचा. नाक बोथट असेल तर त्यानंतरचा.